मागची डावी जागा

यातला एकही शब्द पदरचा घातलेला नाही. गळ्यात तुळशीची माळ घालून खोटं लिहू नये, एवढं आम्हा माळकऱ्यांना लहानपणापासून कळतं. ज्याच्यावर हे गुदरलं, तो धनेश घरत आमच्याच भजनी मंडळात टाळ घेऊन उभा राहतो. त्याने सांगितलं तसंच लिहितोय.

तुम्ही म्हणाल, अमावास्या असेल, मध्यरात्र असेल.

नाही.

गेल्या कार्तिकातली वद्य एकादशी. संध्याकाळचे पावणेसात. गोवा हायवेवरची कर्नाळ्याची खिंड. धनेश बायको-मुलीला घेऊन गावाहून पनवेलला कीर्तनाला निघालेला. पुढेमागे गाड्याच गाड्या. भीती वाटावी असं काहीच नव्हतं.

आणि भर खिंडीत, वळणावर... गाडीने आपणहून ब्रेक मारला.

धनेशचा पाय ब्रेकवर नव्हताच.

मागचा कंटेनर किंचाळत थांबला. त्याचे दिवे मागच्या काचेला जवळजवळ चिकटले. वीतभर अंतर राहिलं असेल, जास्त नाही.

पुढच्या पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकत होती. समोर माणूस आहे.

समोर कोणीच नव्हतं.

आता हे कळायला आधी गाडीची कुळकथा सांगायला हवी.

घरतांच्या दारात एकाच नावाची गाडी पाच वेळा आली. नाव लिहीत नाही, कारण कंपनीचा यात काडीचा दोष नाही. धनेशचे वडील बळीरामशेठ त्या गाडीचे वेडे. पहिली आणली ती दोन हजार सालात. बुटकी, बसकी, पण इंजिन असं की चौथ्या गियरला नुसती हुंकारायची. काचा हाताने फिरवायच्या. कॅसेटवर कीर्तन लावून शेठ खिंडीतून अशी काही पळवायचे की मागे बसलेले कीर्तनकार बुवा डोळे मिटून नाम घ्यायचे.

"शेठ, वैकुंठाला आम्ही आपल्या पायांनी जाऊ हो!"

"पायांनी कशाला बुवा? ही पोचवंल तुमाला."

दुसरी पिढी आली ती उंच आणि गोलमटोल. गावाने तिला अंडं म्हटलं. शेठ वर्षभर कोणाशी नीट बोलले नाहीत. मग तिसरी आली, बाणाच्या टोकासारखं नाक असलेली, आणि शेठ पुन्हा तरुण झाले. चौथीला छपरात काच होती. गाडी जुनी झाली की द्यायची, पण त्याच नावाची पुढची आणायची. कोणी दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं तर म्हणायचे, "घोडी म्हातारी झाली का तिची पोर आणायची. घराणं बदलायचं नाय."

चारही गाड्यांमध्ये त्यांनी एक रीत मात्र मोडली नाही.

मागच्या डाव्या जागेवर कोणाला बसू द्यायचे नाहीत.

टाळांची पिशवी तिथे ठेवायचे. नातेवाईक दाटीवाटीने बसतील, पण ती जागा मोकळी. आणि गावाच्या फाट्यावर आले की गाडी थांबवायचे, उतरून मागचं डावं दार उघडायचे, क्षणभर उभे राहायचे आणि अलगद लावून घ्यायचे. धनेशने एकदा विचारलं होतं.

"दार नीट लागतं का बघतो," ते म्हणाले होते.

पहिल्या गाडीची ती डावी काच सकाळी खाली उतरलेली सापडायची. दुसऱ्या गाडीत तेवढीच एक गादी दबली होती. शेठ हसण्यावारी न्यायचे. "जुनी झाली का गाडी बोलाय लागते."

गेल्या श्रावणात शेठ गेले. दसऱ्याला धनेशने पाचवी पिढी आणली, वडिलांच्या आठवणीसाठी. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्याची दहा वर्षांची मुलगी समीक्षा मागे चढली आणि थेट डाव्या जागेवर बसली. आजोबा नव्हते. कोणी अडवलं नाही.

फाट्यावर धनेशने दारही उघडलं नाही. त्याच्या ध्यानातच आलं नाही.

चूक झाली ती इथे.

ही गाडी नुसती पळणारी नव्हती. हिला डोळे होते. डावा इंडिकेटर दिला की डाव्या आरशाखालचा कॅमेरा रस्ता पडद्यावर दाखवायचा. आजूबाजूला माणूस असला की पडद्यावर माणसाचं पिवळं चित्र उमटायचं. मागच्या सीटवर वजन पडलं आणि पट्टा लावला नाही, तर घंटी वाजायची.

पहिल्याच दिवशी फाट्यापाशी ते पिवळं चित्र उमटलं. गाडीच्या मागे, डावीकडे.

एखादा वाटसरू असेल.

पण गाडीने वेग घेतला. चाळीस... साठ...

पिवळा माणूस तेवढ्याच अंतरावर होता.

खिंडीतल्या वळणावर तो विझला.

दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळीही. दर वेळी फाट्यापासून वळणापर्यंत, फक्त पनवेलकडे जाताना. धनेशने गाडी शोरूमच्या वर्कशॉपला नेली. भावेश नावाच्या तिथल्या मुलाने यंत्र लावून तासभर तपासली.

"सर, सगळं ओके आहे."

"अरे पण रस्त्यात कोणी नसतं!"

"सेन्सर मनाने काही दाखवत नाही सर," भावेश हसला. "माणूस असला तरच दाखवतो."

धनेशला ते हसू आवडलं नाही.

मग ती एकादशी आली. फाटा मागे पडला, तसा पिवळा माणूस उमटला. धनेशने पडद्याकडे बघायचं टाळलं. बाजूला बायको, दिपिका, मोबाईलवर बुवांचं जुनं निरूपण ऐकत होती.

मागून समीक्षा म्हणाली, "बाबा, थांबा ना जरा."

"का गं?"

"ते काका पळतायत आपल्याबरोबर."

दिपिकाने मोबाईल बंद केला.

"कोण काका?"

"हे काय, माझ्या दाराशी." समीक्षा काचेला नाक लावून बघत होती. घाबरलीही नव्हती. "दमलेत ते. सारखे दाराला हात लावतायत... आता पुढे गेले बघा."

आणि गाडीने ब्रेक मारला.

पुढे काय झालं ते वर सांगितलंच आहे.

कीर्तनाला कोणी गेलं नाही. पुढे वळायला जागा मिळताच धनेशने गाडी घराकडे फिरवली. आई, शशिकलाबाई, ओटीवर भगर निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मग एकच विचारलं.

"कंच्या बाजूला?"

"डाव्या."

सूप त्यांच्या हातातून खाली आलं.

"मला वाटला, ते गेले न संपला..." त्यांनी सूप बाजूला सारलं. मग बोलल्या. "पयली गाडी आली तवा सप्त्याचा शेवटचा दिस व्हता. काल्याचा कीर्तन झाला. खिंडीतल्या कातकरी वाडीवरचा चांगो दरसाल टाळ वाजवाय यायचा. काय गळा व्हता त्याचा! तो म्हनला, शेठ, मना पन बसवा गाडीन, वाडीपर्यंत. हे म्हनले, फाट्यावर थांब, येतो घ्यायला. तोंडातना शब्द गेला. मग पावने जमले. त्यांना गाडी दाखवता दाखवता दिस मावळला. हे इसरले."

"मग?"

"सकाळी बातमी आली. खिंडीच्या वळनावर कुनी पायी चालनारा गाडीखाली गेला. यांनी जेवान टाकला. वाडीवर जाऊन तोंड दाखवायची हिंमत नाय झाली त्यांची. फुडल्या सप्त्याला चांगो आला नाय. तवापासना ती जागा त्याची." त्यांनी डोळे पुसले. "फाट्यावर दार उघडून सांगायचे, बस रं चांगो. गाडी बदलली तरी."

चोवीस वर्षं. चार गाड्या.

त्या चार गाड्यांना डोळे नव्हते, एवढाच फरक.

धनेश रात्रभर जागा होता. गाडी विकली तर दुसऱ्या कोणाची लेक त्या जागेवर बसेल. ठेवली तर आपली. पहाटे त्याचं ठरलं. बापाने दिलेला शब्द आपण पुरा करायचा. चांगोला घरी सोडायचं.

दुसऱ्या दिवशी साडेचारला, चांगलं ऊन असताना, मायलेक दोघंच निघाले. समीक्षाला घरी ठेवलं. फाट्यावर धनेशने गाडी थांबवली, उतरला, मागचं डावं दार उघडलं. भोवती रिक्षावाले, वडापावची गाडी. लाज वाटत होती त्याला.

"बस, चांगोकाका," तो पुटपुटला.

काही झालं नाही.

दार लावून तो पुढे येऊन बसला. गाडी हलली.

टिंग.

टिंग. टिंग.

मागच्या सीटवर पट्टा न लावलेला माणूस आहे.

शशिकलाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. डोळे मिटून "रामकृष्ण हरी" सुरू केलं. पडद्यावरचा पिवळा माणूस त्या दिवशी उमटला नाही. तो आत होता ना.

रस्ता रुंद झाला तेव्हा वाडी वर डोंगराच्या पोटाशी सरकली होती. विचारत विचारत पोचले. चांगोची बायको जिजा दारात लाकडांची मोळी सोडत होती. सत्तरीची, काटक. धनेशने गाडी तिच्या अंगणापाशी लावली आणि मागचं दार उघडलं.

घंटी थांबली.

कोणी उतरलं की गाडी जशी हलते, तशी ती हलली. धनेशने डोळ्यांनी पाहिलं.

"जिजा, वळखलास का?" शशिकलाबाई पुढे झाल्या.

"शशिकलाबाय न तुमी? शेट गेला, आयकला मी. वाईट झाला."

"त्यांच्या हातना मोठी चूक झाली गं. तुझ्या चांगोला आनलाय आमी. घरी."

जिजा बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून हसली.

"त्याला मरून सोळा वरसं झाली. कुठना आनलाव?"

"सोळा?" धनेश म्हणाला. "चोवीस ना? त्या सप्त्याच्या दिवशी खिंडीत..."

"खिंडीत कसला? त्या दिशी फाट्यावर वाट बगून बगून चालत आला घरी. लय रागावला व्हता. शेट इसरला म्हनला मना." तिने झोपडीत बोट दाखवलं. "हितं गेला तो. तापानं. माज्या मांडीवर. आठ वरसं सप्त्याला नाय गेला. शेट बोलवाय येल मंग जाईन, म्हनायचा. टाळ पुसून ठेवायचा दरसाल."



बळीरामशेठ चोवीस वर्षं रिकाम्या जागेला हाक मारत राहिले. आणि त्यातली आठ वर्षं जिवंत चांगो चार किलोमीटरवर त्यांच्या हाकेची वाट बघत बसला. एकदा कोणी विचारायला गेलं असतं तर...

मग धनेश जिजाकडे वळला.

"मावशी... मग वळणावर त्या दिवशी गेला, तो कोण?"

"कोन जाने. बेवारस व्हता. कुनी नाय आला न्याय." जिजाने उघड्या दाराकडे पाहिलं. तिचं हसू विरलं. "ज्याला कुनी हाक मारीत नाय, तो कुनाच्याबी नावाला ओ देतो, बाला."

अंगणातली कोंबडी फडफडत आत पळाली.

"याला हितं नका ठेवू," जिजा हळूच म्हणाली. "माजी नातवंडा हायत."

धनेश उघड्या दारापाशी उभा राहिला. चांगो म्हणून बोलवायला जीभ रेटेना. दुसरं नाव माहीत नाही. कीर्तनात शेजारी उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला आपण काय म्हणतो, तेच त्याच्या तोंडी आलं.

"चला, माउली. बसा."

बराच वेळ... काहीच नाही.

मग गाडी किंचित दबली.

टिंग.

धनेशने आत वाकून रिकाम्या जागेवरून पट्टा ओढला आणि खटक्यात अडकवला. पट्टा सैल पडायला हवा होता.

पडला नाही.

त्यानंतर ती गाडी प्रत्येक एकादशीला पनवेलला कीर्तनाला येते. समीक्षा उजवीकडे बसते. डाव्या जागेचा पट्टा लावलेला असतो. टाळकऱ्यांमध्ये एक टाळ जास्त वाजतो, असं धनेशला वाटतं. आम्ही मोजत नाही. पडद्यावरचा पिवळा माणूस पुन्हा उमटला नाही. जिजाकडचे चांगोचे टाळ यंदा सप्त्यात वाजवायचं ठरलंय.

एवढ्यावर मिटलं असतं.

पण मागच्या आठवड्यात भावेशचा फोन आला. संध्याकाळचीच वेळ. धनेश ओटीवर चहा पीत होता.

"सर, पुढची पिढी येतेय! तुमचं नाव मी पहिलं लिहिलंय. हिच्यात आतून कॅमेरा आहे. कोण कुठे बसलंय ते गाडी चेहऱ्यावरून ओळखते आणि प्रत्येकाला नावाने नमस्कार करते."

धनेशने कप खाली ठेवला.

"आणि अनोळखी माणूस बसला तर?"

"विचारते ना सर. आपलं नाव काय म्हणून."

"त्याने सांगितलं तर?"

"मग कायम लक्षात ठेवते," भावेश कौतुकाने म्हणाला. "घेताय ना सर?"

धनेशने मान वळवून पाहिलं. गाडी अंगणात बंद उभी होती. चावी आत खुंटीला होती.

तरी धनेशने गाडीतून उत्तर आलेलं ऐकलं.

टिंग.