आजोबांना भूत कोण म्हणालं?

"आजोबांना भूत म्हणाले ते! आपल्या आजोबांना!" ठमीने रिमोट असा आपटला, की त्याचं झाकण उडून पलंगाखाली गेलं.

सुट्टीत ती आणि धाकटा टिल्लू मावशीकडे आले होते. मावशी व्हायोलिनं दुरुस्त करायची. हे काम तिला आजोबांनी शिकवलेलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचं व्हायोलिन दुकानाच्या भिंतीवर होतं आणि गेले दहा दिवस दुपारी चार वाजता आपोआप गुणगुणत होतं. एका गिऱ्हाइकाने व्हिडिओ काढला, तो टीव्हीच्या वार्ताहराला मिळाला आणि झालं! 'अतृप्त आत्म्याचं व्हायोलिन!' चार दिवस हेच दळण. शाळांनी दुरुस्तीची वाद्यं परत नेली. घरमालकाने तर शनिवारपर्यंत दुकान रिकामं करायला सांगितलं.

"अतृप्त? बाबा जाताना हसत होते," एवढंच म्हणून मावशी लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं पुसत बसली. ठमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी चारला दोघं व्हायोलिनसमोर उभी होती. सोबत शेजारच्या बेकरीवाल्यांची मुलगी. कायम पिठाने माखलेली, म्हणून तिचं नाव पावडर.

गूंऽऽऽ!

टिल्लू टेबलामागे. ठमीने तारेवर बोट ठेवलं. आवाज बंद! उचललं, पुन्हा सुरू.

"भूत बोटाला घाबरतं?" टिल्लू बाहेर आला.

ठमीने तार जराशी सैल केली. शांतता! "या भुताला तार सुरात लागते! मावशी, बाकीची व्हायोलिनं का गप्प?"

"दुरुस्तीतल्यांच्या तारा मी सैल ठेवते. बाबांचं तेवढं रोज सकाळी सुरात लावते." मावशी ओशाळली. "सवय गं."

पावडरने भिंतीला तळहात लावला. "अगं, ही थरथरतेय! पलीकडे आमचं पीठ मळायचं नवं मशीन आहे. बाबांनी भिंतीला टेकवूनच बसवलंय. चारला सुरू होतं!"

तार पुन्हा सुरात लावून तीनदा खात्री केली. मशीन बंद, व्हायोलिन गप्प. मशीन सुरू, गूंऽऽ!

बाहेर उभ्या वार्ताहराला तिघांनी सगळं सांगितलं. तो हसला. "बाळांनो, मशीन कोण बघणार? लोक भूत बघतात. उद्या चारला लाइव्ह आहे, लुडबुडायचं नाही."

"म्हणजे खोटं आहे हे माहीत असून दाखवणार?"

"मी कुठे भूत आहे म्हणतो? मी नुसतं विचारतो, भूत आहे का?"

ठमी दातओठ खात परतली. "याला असंच विचारायला लावते! पावडर, तू बटणापाशी. टिल्लू, तू दारात रुमाल घेऊन."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा सुरू झाला आणि व्हायोलिनही. "प्रेक्षकहो, आत्मा बोलतोय का?" वार्ताहर कुजबुजला.

"मी त्यांची नात. मी बोलू आजोबांशी?" ठमी पुढे आली. वार्ताहराचे डोळे चमकले. "बोल, बाळ, बोल!"

"आजोबा, थांबा!" टिल्लूचा रुमाल खाली. व्हायोलिन गप्प.

"आजोबा, सुरू!" गूंऽऽ!

"थांबा!"

वार्ताहराला दरदरून घाम फुटला. काल सगळं ऐकूनही तो खरोखर घाबरला होता!

"चला, आत्मा दाखवते," म्हणत ठमी तडक बेकरीत गेली. कॅमेरावाला मागोमाग, त्याच्यामागे वार्ताहर. लाइव्हमध्ये कॅमेरा अडवणार कोण? आत पावडर बटणावर हात ठेवून उभी.

"हा आमचा आत्मा. पीठ मळतो," ठमी कॅमेऱ्याकडे वळली. "या काकांना कालच सांगितलं होतं. तरी काका, तुम्ही माझ्या आजोबांना भूत केलंत! लाज नाही वाटत?"

अख्ख्या गावाने ते पाहिलं. घरमालक मान खाली घालून आला, "दुकान राहू द्या" म्हणाला. बेकरीवाल्या काकांनी मशीन भिंतीपासून हलवलं. "पोरांनो, आम्ही मोठी माणसं नुसती घाबरलो. तुम्ही निदान भिंतीला हात तरी लावून पाहिलात!"

चॅनलने माफी मागितली. टिल्लूने घड्याळ लावून मोजली. चार दिवसांच्या भुतासाठी अकरा सेकंद!

"मावशी, माझा राग नाही जात."

"नको जाऊ देऊस." चार वाजून गेले होते आणि भिंत गप्प होती. मावशीने आजोबांचं व्हायोलिन काढून ठमीच्या हातात दिलं. "वाजव. माणसाने वाजवलेलंही ऐकू दे बाबांना."

ठमीने सगळा राग काढून गज ओढला. पावडरने कानात बोटं घातली.

"भूत बरं वाजवत होतं!" टिल्लू ओरडला.

मावशी इतकी हसली, की तिला डोळे पुसावे लागले.