शहात्तर नंबरचा आवाज

मी पट्टीचा थापाड्या. बायको म्हणते, "तुम्ही वाजले किती ते सांगितलंत, तरी मी घड्याळ बघून घेते." एरवी मी तोंडानंच रंगवून सांगतो, ही हकीकत मात्र लिहून काढावी लागतेय.

आमच्या इस्पितळात घशाच्या ऑपरेशनआधी पेशंटचा आवाज रेकॉर्ड करून ठेवतात. ऑपरेशनात आवाज जातो; पुढे घरच्यांना ऐकायला तेवढाच उरतो. रेकॉर्डिंग कानसेन करायचा. हे नाव मीच पाडलेलं. ते सगळे आवाज जुन्या मशीनवरून नव्यावर न्यायचं काम माझं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची: कुठून, कुठे. आधी नुसती तालीमही घेता येते; काय जाणार, काय पुसलं जाणार, याची यादी समोर येते.

"तालीम घेतलीस ना रे?" त्या दुपारी कानसेननं विचारलं.

"आता तू मला शिकव!"

डबा उघडायची घाई होती. 'कुठून' आणि 'कुठे' उलटं पडलं, आणि रिकाम्या डिस्कनं भरलेली डिस्क साफ पुसली. आदल्या दिवशीच्या प्रतीतून बाकी आवाज परत आले. आला नाही तो एकच, त्याच सकाळचा: शहात्तर नंबर, शाळेतल्या एक बाई.

"कानसेन बटण दाबायला विसरला असणार," मी साहेबांना सांगून मोकळा झालो. कानसेनची नोकरी गेली.

आठवड्यानं बाई आल्या, गळ्याला पट्टी, हातात पाटी. सोबत त्यांची म्हातारी आई. आईला दिसत नव्हतं. पाटी तिच्या काय कामाची? ती माझा हात चाचपत म्हणाली, "बाळा, नीट शोधलंस ना?"

"हो आजी."

जुनं मशीन मी बंद केलं होतं, त्याची डिस्क काढून माझ्या खणात ठेवली होती. तरी दुसऱ्या दुपारी नव्या मशीनच्या अहवालात ओळ आली: जुन्या मशीनवरून आलेल्या फाइली, एक. शहात्तर. आत काहीच नाही. पुढच्या दुपारी ती थोडी वाढली. त्याच्या पुढच्या दुपारी आणखी. खोलीत पंख्यांची घरघर, तापलेल्या धुळीचा वास. चौथ्या दिवशी मी हेडफोन लावला.

खुर्ची करकरली... एक श्वास... मग बाई हळूच म्हणाल्या, "सुरू झालं का हो?"

"हो बाई. लाल दिवा लागलाय. बोला..." हा कानसेन.

तेव्हाच आजींना बोलवायला हवं होतं. पण त्या दोन वाक्यांत माझं खोटं उघडं पडत होतं. मी फाइल पुसली. प्रतींसकट.

आजी तिथं नव्हत्या, तरी जिना उतरेपर्यंत त्यांचा हात माझ्या मनगटावरून सुटेना. खाली पोचताच खरं सांगून टाकायला कानसेनला फोन लावला.

"हॅलो... कोण बोलतंय?"

मी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे.

शेवटी चिठ्ठीत सगळं कबूल करून कानसेनला पाठवलं. तो आला आणि थेट मशीनपुढे बसला. अहवालात एक फाइल होती, माझ्या नावाची. त्यानं हेडफोन लावला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढरा पडत गेला.

"हे कधी रेकॉर्ड केलंस?"

मी मान हलवली. कधीच नाही.

"अरे, पण अजून वाढतेय ही... तू अजून बोलतोयस. थापांवर थापा." मी हेडफोनकडे हात नेला, तसा तो त्यानं लांब सरकवला. "नको ऐकूस. मागून कुणीतरी म्हातारी सारखं विचारतेय... बाळा, नीट शोधलंस ना?"