तांती मर्लच्या बरणीवरचं नाव

पावाला हात लावायच्या आधी त्याने टोपलीवाल्या बाईला गुड मॉर्निंग केलं, आणि त्याचं सोंग उघडं पडलं.

मंगळवारची माझी फूड टूर होती. अकरा पाहुणे सेंट जॉर्जेसच्या बाजारचौकात माझ्या मागे मागे फिरत होते. पाहुणे कुठल्याही देशाचे असोत, वस्तूकडे बोट दाखवतात आणि थेट किंमत विचारतात. आमच्या ग्रेनडात असं केलं तर विकणारी बाई ढिम्म हलत नाही. आधी गुड मॉर्निंग, मग काय ते बोला. आणि हा निळ्या शर्टातला माणूस, सकाळपासून ‘अरे वा, हे काय असतं?’ करत तोंडाचा चंबू करणारा, मिस आयव्हीच्या टोपलीपुढे टोपी काढून म्हणतो, “गुड मॉर्निंग, मिस.” तेही आमच्याच हेलात.

मी हळूच त्याच्या बाजूला सरकले. “कुठले तुम्ही?”

“टोरांटो.”

“टोरांटोच्या आधी?”

तो हसला. एका गालाला खोल खळी पडली. “...ग्वाव्ह.”

“अस्सं! कोळ्यांच्या गावचा माणूस मघाशी मला विचारत होता, खारवलेला मासा म्हणजे काय म्हणून?”

“तू सांगतेस छान,” तो म्हणाला, “म्हटलं, पहिल्यापासून ऐकू.”

अशा बोलण्याने पाघळण्याचं माझं वय राहिलं नव्हतं. बत्तीस पूर्ण झाली होती. माझ्या आईने तर माझ्याकडे बघून उसासे टाकणंही सोडून दिलं होतं. तरी कान गरम झाले... आणि ते त्याला दिसले, याचा मला राग आला.

त्याचं नाव केल्डन. चौदाव्या वर्षी बेट सोडलं, ते वीस वर्षांनी आता महिन्याभरासाठी आला होता. ओळखीपाळखीच्या घरी गेलं की पन्नास प्रश्न विचारतात, म्हणून पाहुणा होऊन हिंडत होता. त्या दिवशी कोको-चहाच्या टपरीवर त्याने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

“जायफळ कमी आहे,” तो म्हणाला.

“माझ्या टूरमध्ये खोड्या काढायला आलात का?”

“तुझ्या टूरमध्ये दुसरं काही काढता येत नाही. चुकतच नाहीस कुठे!”

बाजारातून बंदराकडे जाणाऱ्या बोगद्यातून जाताना आम्ही सगळे एकामागोमाग भिंतीला चिकटून चालतो, कारण गाड्या अगदी अंगावरून जातात. इतकी वर्षं मी पाहुण्यांना आत ठेवून स्वतः गाड्यांच्या बाजूने चालते. त्या दिवशी केल्डनने काही न बोलता मला कोपराला धरून आत सरकवलं, आणि स्वतः बाहेरच्या बाजूला आला. एवढंच. पण माझी काळजी आजवर कुणी अशी घेतली नव्हती, आणि माणूस एवढ्यावरही कोसळतो हे मला ठाऊक नव्हतं.

बंदरावर पोहोचल्यावर मात्र त्याने निरोप घेतला. शेवटचा मुक्काम पायऱ्या चढून तांती मर्लच्या, म्हणजे मर्लमावशीच्या, स्वयंपाकघरात असतो, तिचा केक खायला. “माझी बस आहे,” म्हणून तो गेला.

शुक्रवारी पुन्हा आला. पुन्हा सगळं खाल्लं, पुन्हा बंदरावर बस आठवली. मी थट्टा केली, “केक आवडत नाही का तुम्हाला?” तो नुसता हसला.

पुढच्या मंगळवारी माझी उन्हाची छत्रीसुद्धा त्यानेच धरली होती. पर्यटकांच्या जहाजावरून आलेल्या एका आजीबाईंनी आम्हा दोघांकडे कौतुकाने बघत विचारलं, “किती वर्षं झाली लग्नाला?”

“तीन फेऱ्या,” केल्डन गंभीरपणे म्हणाला. आजीबाई खुदकन हसल्या. मी त्याला चिमटा काढला, पण जोरात नाही...

आणि बोगद्यात, गाड्यांच्या गोंगाटात, तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “व्हर्नेल, मला परत जावंसं वाटत नाही.”

मी पाहुण्यांना नुसती पुढे चालत राहायची खूण केली. मला तो हवा होता. इतका स्वच्छ, इतका सरळ हवा होता, की बोलले असते तर आवाज फुटला असता.

बाहेर पडलो तर पाऊस. समुद्रावरून आला आणि क्षणात सगळ्यांना भिजवून गेला. “माझी बस...” केल्डन म्हणाला. “आज कसली बस!” म्हणत मीच त्याचा हात धरला आणि हसत हसत त्याला पायऱ्यांवरून ओढत वर नेलं. हो, मीच नेलं.

तांती मर्ल लग्नाचे काळे केक करते. तिच्या फळीवर बरण्यांची रांग असते, रममध्ये बुडवलेल्या मनुका, चेरी, आलुबुखार. लग्न ठरलं की मुलाची आई फळं नि रम घेऊन येते, बरणी भरते आणि वर मुलाचं नाव चिकटवते. फळं जितकी मुरतील तितका संसार गोड, असं आमच्याकडे मानतात. पाहुण्यांना हे मी शंभरदा सांगितलेलं.

तांतीने चष्मा वर केला. “अगो बाई! हा तर फिलोमेनाचा केल्डन! खळी बघ, आईचीच उचललीय मेल्याने. ये रे बाबा, किती दिवस वाट बघतेय तुझी.” आणि तिने फळीवरून एक बरणी खाली घेतली. “ही तुझी. वर्ष झालं, फळांनी रम पिऊन पिऊन नुसती मजा केलीय. तुझी आई म्हणते तीन मजली करा. टोरांटोला विमानात नेणार कसा, ते तूच बघ.”

बरणीवर फिलोमेनाच्या वळणदार अक्षरात ‘केल्डन’ लिहिलं होतं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आजीबाई पुढे आल्या आणि त्यांनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. “लबाड! म्हणे तीन फेऱ्या! अजून व्हायचंय होय लग्न? सुखी राहा गं पोरी.”

तांतीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि बरणी परत फळीवर ठेवली. माझं तोंड चालूच होतं. फळं आधी बारीक करायची, साखर जाळून काळी करायची, लोणी-साखर हाताने एकाच दिशेने घोटायची... अकरा ताटल्या वाटल्या. कुणाला काही कळलं नाही.

पाहुणे गेल्यावर तो बाहेर पायऱ्यांवर उभा होता.

“सांगणार होतो.”

“कधी? तिसरा मजला चढवल्यावर?”

“ती चांगली आहे गं. वाईट असती तर...”

“तिची वकिली माझ्यापुढे नको.”

तो एक पायरी खाली उतरला, म्हणजे त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले. ते खरंच भरले होते. “तू एक शब्द बोल, व्हर्नेल. फक्त म्हण, राहा. मी आत्ता आईला सांगतो. तिकडे फोन करतो. तू म्हण फक्त.”

मानी बाई आहे मी. दुसरी कुठली वेळ असती तर पाठ फिरवून गेले असते. पण आयुष्यात एकदा तरी मान बाजूला ठेवून मागावं, असं वाटलं.

“राहा,” मी म्हणाले. “केल्डन, राहा.”

तो बंदराकडे बघत राहिला. एक होडी गेली, दुसरी गेली.

“तिचा पोशाखसुद्धा शिवून झालाय,” तो अखेर पुटपुटला. “एवढं सोपं नसतं गं...”

“मग मला कशाला म्हणायला लावलंस?”

त्याने टोपी काढून हातात फिरवली. मग खाली मान घालून म्हणाला, “मला वाटलं... तू नाही म्हणशील.”

म्हणजे त्याला माझा नकार हवा होता. तो उराशी धरून हळहळत परत जायचं, आणि जन्मभर म्हणायचं की मी तर राहणार होतो, तिनेच जाऊ दिलं. आणि मी वेडीने होकार देऊन त्याची सगळी पंचाईत केली! मला हसू आलं. मग तो उतरून गेल्यावर तिथेच बसून मी ढसाढसा रडले.

तांती मर्लचं मनगट चार वर्षांपूर्वी मोडलं, तेव्हापासून तिच्या सगळ्या केकचं लोणी मी घोटते. “हा केक मी दुसरीकडून घोटून घेते,” ती म्हणाली.

“दुसऱ्या कुणाच्या हाताला एवढा दम नाही,” मी म्हटलं. “आणि माझा राग कुठेतरी काढायलाच हवा, तांती.”

तासभर घोटत होते. मीठ टाकावं, साखर करपवावी, सगळं मनात येऊन गेलं. पण लोणी पांढरंशुभ्र होऊन फुललं तसा राग निघून गेला, आणि खाली जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. मी घोटत राहिले. असा केक माझ्या हातून पूर्वी कधी झाला नव्हता.

दोन महिन्यांनी फिलोमेना बाजारात मला शोधत आली. जे लग्नाला येऊ शकत नाहीत, त्यांना आमच्याकडे केकचा तुकडा डबीत घालून पाठवतात. तिने पांढरी डबी माझ्या हातात ठेवली. “केल्डनने मुद्दाम बजावलं होतं, व्हर्नेलला द्यायला विसरू नकोस. चांगली ओळख झालेली दिसते तुमची!”

“टूरला आले होते ते,” मी म्हणाले.

त्या दिवशी सात पाहुणे होते. मी डबी उघडली, त्या तुकड्याचे सात तुकडे केले आणि लग्नाचा केक म्हणून वाटून टाकले. एक तरुण बाई डोळे मिटून सावकाश खात राहिली.

“ज्याने कुणी हा केला,” ती म्हणाली, “त्याचं त्या जोडप्यावर फार प्रेम असणार.”

“एकावर होतं,” मी म्हणाले, आणि रिकामी डबी मिटली.