खडूची पावलं

ही गोष्ट भरदिवसाची, तरी दिवा जरा जवळ घ्या.

बसथांब्यांची नव्याने आखणी करायची म्हणून ऑफिसने तिला एका जुन्या थांब्यावर बसवलं होतं. तिला सगळे टेपताई म्हणायचे. मोजायचा टेप ती जेवतानाही कमरेवरून काढत नसे. काम सोपं. माणूस जिथे उभा राहील तिथे त्याच्या पावलांभोवती खडूने रेघ मारायची. खुणा जास्त तिथे नवी शेड. दिवसभरात एकही खूण नाही, तर थांबा रद्द.

सकाळपासून खूण नव्हती. कुत्रंसुद्धा वळसा घालून गेलं.

आणि नेमका हाच थांबा. तिचे बाबा कंडक्टर होते. शाळा सुटली की ती वर्गातला खडू चावत या खांबाला लटकायची. ते उतरायचे, तिचं दप्तर घ्यायचे, म्हणायचे, "काय मॅडम, आज किती खडू खाल्ले?" मग दोघं गल्लीतून घरी. बाबा जाऊनही आता वीस वर्षं झाली.

ती फॉर्मवर 'शून्य' लिहिणार, तोच चारची बस आली. हात न दाखवताच थांबली. दार उघडलं. पायरी खाली दबली, पुन्हा वर आली. उतरलं कोणीच नाही.

"कुणासाठी थांबलात, दादा?"

"घंटी वाजली ना, ताई. रोज वाजते इथे," ड्रायव्हर म्हणाला.

"पण आत तर कोणी नाही..."

"म्हणून तर मी मागे बघत नाही."

बस गेली. धुराचा वास राहिला, आणि त्यात चामड्याच्या बॅगेचा, ओळखीचा. तिने खाली पाहिलं. खांबाजवळ खडूची दोन इवलीशी पावलं. समोर दोन मोठी. तिच्या डोळ्यांदेखत पुढची उमटली, मग त्यापुढची... गल्लीकडे.

"बाबा... मी इथे आहे."

मोठी पावलं थबकली. छोटी नाही. छोटीनेच ओढलं असणार, कारण मग मोठीही निघाली.

तिने फॉर्मवर 'दोन' लिहिलं. थांबा वाचला, शेडही झाली.

पण त्या दिवशी तिने एकही रेघ मारली नव्हती. घरी येऊन बघते, तर खिशातला अख्खा खडू नखाएवढा उरलेला. टोकाला दातांच्या खुणा. बारीक बारीक, आणि मधला एक दात पडलेला.