लोकर भरलेली घंटा

शुद्धलेखन माझं कच्चं आहे आणि शब्दही साधेच येतात, सांभाळून घ्या. यावोरची ही गोष्ट तशीही साध्याच शब्दांत सांगण्यासारखी आहे.

यावोर दुपारच्या बसनं सोफिया शहरातल्या इस्पितळात गेला, तो पिशवीत मेलेल्या बापाची घंटा घेऊन. जानेवारीत त्यांच्या गावचे पुरुष केसाळ कातडी पांघरतात, कमरेला घंटा बांधतात आणि नाचत गावाची पीडा हाकलतात. नाचणारा मेला की त्याच्या घंटेत लोकर कोंबून ती वर्षभर मुकी ठेवायची. यावोरच्या थोरल्या भावाला, कामेनला, तेवढा दम निघाला नाही. बाप जाऊन महिना होतो न होतो तोच त्यानं ती बांधून वाजवली, आणि त्याच दिवशी त्याला फेफऱ्याचा पहिला झटका आला. झटक्यात त्यानं आईचा जबडा मोडला. बापानं एकदा मोडला होता, त्याच जागी.

आता कामेनच्या कवटीला बारीक भोकं पाडून मेंदूत तारा सोडल्या होत्या. झटका जिथे जन्मतो तिथे फार वेगाच्या लहरी उठतात. ती जागा सापडली तर कापून काढता येणार होती. पण गोळ्या बंद करूनही झटका काही येत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी ती घंटाच मागवली होती.

"आणलीस?" डॉक्टर मिनेवांनी विचारलं.

"आणली. पण डॉक्टरबाई, वर्ष अजून..."

"वर्षभर थांबलो तर तुझी आई उरेल का?"

कामेन पलंगावरून हसला. "भितोस काय, शेंबड्या? लहानपणी सशालाही भ्यायचास."

"सशाला नाही, दादा. तुला."

यावोरनं पिशवीत हात घातला. पुन्हा कोंबलेली लोकर अजून आतच होती, घंटा वाजलीच नव्हती... पण कामेनच्या तारा जोडलेल्या पडद्यावरच्या रेघा थरथरून दाट झाल्या. खोलीत ओल्या कातड्याचा वास पसरला.

"थांब," मिनेवा हळूच म्हणाल्या.

कामेन उठला. त्यानं मिनेवांचं डोकं धरून पलंगाच्या लोखंडावर आपटलं. पुन्हा आपटलं. नाकाचं हाड मोडल्याचं यावोरला ऐकू आलं. मग कामेनची बोटं त्याच्या गळ्यात रुतली... तोंडात रक्ताची चव आली...

"दादा... मी आहे..."

एकाएकी पकड सुटली. कामेन खाली बसून रडू लागला. "तुला लागलं का रे?"

संध्याकाळी, नाकावर पट्टी बांधलेल्या मिनेवांनी यावोरला पडदा दाखवला. "ही बघ. लहर आतल्या तारेवरून बाहेरच्या तारेवर सरकत आली. त्यानं तुझा गळा धरला तेव्हा अगदी शेवटच्या तारेवर होती. त्यानंतर त्याच्या डोक्यात कुठेच नाही."

"मग गेली कुठे?"

मिनेवांनी पडदा बंद केला.

सकाळी आई भेटायला आली. कामेननं तिच्या गालावरून मायेनं हात फिरवला. तिनं दारातल्या यावोरला हाक मारली, "तूही ये ना रे जवळ." यावोरची मूठ आपोआप आवळली गेली... ती त्याला उघडता येईना.

तो बाजूच्या रिकाम्या खोलीत शिरला, पलंगावर आडवा झाला आणि मागून आलेल्या नर्सला म्हणाला, "ताई, माझे हात बांधा. घट्ट बांधा."