ओहोटीचा आकडा

बोटीत चढायची फळी उचलायला आणि या महाशयांनी बोटीत उडी मारायला एकच गाठ पडली. उतरले ते थेट माझ्या पायावर. मी चांगलंच खडसावलं – पुढची बोट काय येणारच नव्हती? तो नुसता ओशाळून हसला... पाण्याचे तुषार उडालेल्या चष्म्याआडून. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बघते तर समोरच्या खुर्चीत तोच. नव्या बोटींची रचना करायला बोटी बांधणाऱ्या कंपनीने पाठवलेला.

आमच्या फेरीबोटींच्या ताफ्याचं पुढच्या तीस वर्षांचं नियोजन माझ्याकडे होतं. जुन्या बोटी एकेक करून मोडीत काढायच्या आणि त्यांच्या जागी एकाच धाटणीच्या नव्या आणायच्या. छप्पर केवढं, बाकं किती, यावरून आम्ही रोज भांडायचो. "आधी चहा, मग भांडण," तो म्हणायचा. आणि नाकावर राग असलेली मी चक्क त्या चहाची वाट बघायला लागले.

नव्या बोटींच्या मंजुरीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी पलीकडच्या बेटावरून आत्याला घरी आणत होते. तिचे गुडघे गेलेत. बोटीत चढवताना खाली बघितलं आणि तिला घट्ट धरलं. ऐन ओहोटी होती, पाणी पार खाली गेलेलं. जुन्या बोटीची लांबलचक फळी होती म्हणून निभावलं. नव्या बोटीची आखूड फळी धक्क्याला टेकलीच नसती. म्हणजे याने इथलं ओहोटीचं माप घेतलंच नव्हतं, आमच्या बाजूचा आकडा इथेही धरून मोकळा झाला होता. आता तीस वर्षं आत्यासारख्यांनी काय उड्या मारायच्या?

सकाळी बैठकीला जाताना, बोटीच्या कठड्याशी, मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मंजुरी मिळाली तर बोटी तयार होईपर्यंत तो इथेच राहणार होता. अडकली तर कंपनी त्याला परत बोलावणार, हे दोघांनाही माहीत होतं.

"तुम्ही सांगणार?" त्याने विचारलं.

"तुम्ही नाही सांगितलं तर... हो."

त्याने बैठकीत गप्प बसावं असंही वाटत होतं, आणि गप्प बसला तर तो माझ्या मनातून कायमचा उतरेल हेही कळत होतं. नुसता जीव टांगणीला.

बैठकीत त्याने सगळे नकाशे समजावले. त्या धक्क्याबद्दल अवाक्षर नाही. अध्यक्षबाईंनी सही करायला पेन उघडलं. मी खुर्ची मागे सारली – आणि तोच उठला.

"थांबा. पलीकडच्या धक्क्याचं माप मी घेतलेलं नाही. अंदाजाने लिहिलंय."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. ओहोटी होईपर्यंत थांबायला काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं.

"थांबणारच होतो. पण या... ओहोटीआधीच्या बोटीने परत निघाल्या." त्याने माझ्याकडे बघितलं. "मग मला थांबवेना."

कुणीतरी खोकलं. माझे कान तापले. पलीकडचा धक्का बघायला आम्ही गेलो होतो, त्या दिवशीही मी बसलेल्या बोटीची फळी उचलताना त्याने उडी मारली होती, आणि मी मेली हसले होते!

अध्यक्षबाईंनी पेन मिटलं. मंजुरी पुढे ढकलली, कंपनीला कळवायला सांगितलं, आणि माप आजच घ्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही, या वेळी मधेच निघू नका."

संध्याकाळी आम्ही पलीकडच्या धक्क्यावर बसलो. पाणी हळूहळू उतरत होतं. कंपनीचा निरोप अजून आला नव्हता, आणि त्याविषयी बोलायचं धाडस दोघांनाही होत नव्हतं. बोट आली. बोट चालवणाऱ्या ओळखीच्या सारंगाने मला हात केला... मी नकारार्थी मान हलवली. फळी उचलली गेली, बोट निघाली.

"उद्या कंपनीने परत बोलावलं तर?" त्याने विचारलं.

"तर सारंगाला सांगेन, याला बोटीत घेऊ नकोस. मला तू इथे हवा आहेस."

मोजपट्टीचं एक टोक त्याने माझ्या हातात दिलं, आणि हात तसाच धरून ठेवला. पूर्ण ओहोटीला अजून बराच वेळ होता.