मानपत्रातलं शेवटचं वाक्य

नारळ फुटला आणि स्वयंपाकघरभर असा काही आंबूस, कुजकट भपकारा सुटला की नीरजाने ओढणी नाकाला लावून खिडकीकडे धाव घेतली! आतलं खोबरं काळंनिळं पडलं होतं, नासलेलं पाणी ओट्यावरून खाली ठिबकत होतं... सव्वाशे पानांची स्मरणिका, दोन महिन्यांची मेहनत, पन्नास देणगीदारांचं कौतुक पन्नास तऱ्हांनी लिहिताना आखडलेली मान, आणि त्या साऱ्याचं फळ म्हणजे हा नारळ! सोबत एक शाल. व्यासपीठावर तिला कुणी बोलावलंही नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर मंडपामागे, उष्टी ताटं गोळा करणाऱ्यांच्या गर्दीत कुणीतरी तिच्या हातात पिशवी कोंबली होती.

तिला किळस आली. नारळाची आली, शालीची आली, ‘मानधन’ या गुळगुळीत शब्दाची आली आणि सगळ्यांत जास्त स्वतःची आली, कारण ती पिशवी घेताना आपण चक्क हसून ‘थँक्यू’ म्हणालो होतो! घरात शाली तरी किती? एक मिक्सरवर, एक शिलाई मशीनवर, दोन गादीखाली. पांघरायची म्हटलं तर एकही धड ऊब देत नव्हती.

“घरात काही मेलंय का?” बाहेरच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला.

अण्णा म्हणजे तिचे सासरे दिगंबरराव, निवृत्त मुख्याध्यापक. सहा वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा, नीरजाचा नवरा आनंद, कामावरून परतताना हडपसरजवळ अपघातात गेला, त्याच्यामागोमाग वर्षभरात सासूबाई गेल्या, आणि नारायण पेठेतल्या या दोन खोल्यांत ही दोनच माणसं उरली. अण्णांचं पेन्शन त्यांच्या औषधपाण्यात संपे. बाकीचं घर नीरजाच्या लिहिण्यावर चाले. जाहिरातींचा मजकूर, बिल्डरांची माहितीपत्रकं, कुणाच्या आजोबांचं चरित्र, जे येईल ते ती लिही. काम नेताना सगळे तिला ‘मॅडम’ म्हणत आणि पैशांचं विचारलं की फोन उचलत नसत.

“नारळ नासका निघालाय, अण्णा.”

“मग? पाट्या टाकणाऱ्याला आणखी काय मिळणार? लेखन कशाला म्हणतात ते बघायचंय? ते बघ!”

त्यांनी नेहमीप्रमाणे भिंतीकडे बोट केलं. तिथे काचेच्या चौकटीत त्यांचं मानपत्र होतं. तीन वर्षांपूर्वी शिक्षण संस्थेनं त्यांचा सत्कार केला तेव्हाचं, खाली अध्यक्ष रणजितसाहेबांची झोकदार सही असलेलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गॅसवाल्यालासुद्धा, अण्णा ते वाचून दाखवत. शेवटचं वाक्य मात्र त्यांच्याच्यानं कधी वाचवत नसे, तिथवर आलं की गळा दाटून येई आणि ते म्हणत, “पुढचं तुम्हीच वाचा.”

नीरजा ते सारं मुकाट्याने ऐकत आली होती... कारण ते मानपत्र तिनेच लिहिलं होतं! याच ओट्यापाशी, भाजी शिजत असताना. ‘कुणाला बोलायचं नाही’ या अटीवर, एक शाल आणि एक नारळ घेऊन! कितीदा शब्द ओठांपर्यंत आले होते... पण आनंद गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून राहणारे अण्णा त्या कागदामुळे उठून बसले होते, दाढी करू लागले होते. त्या व्यथित जिवाचा तेवढा आधार आपल्या नावासाठी काढून घ्यायचा? तिने स्वतःचं नाव गिळून टाकलं होतं.

आता मात्र तिला गिळवत नव्हतं. सोमवारपासून ती मार्केट यार्डातल्या एका आडत्याकडे पावत्या लिहायला जाणार होती. पगार ठरलेला, मजकूर ठरलेला. ‘लिहिणं सोडतेय’ असं काल तिनं सांगितलं तेव्हा अण्णा पेपरातून मान वर न करता “बरं झालं” म्हणाले होते, आणि ते दोन शब्द तिच्या काळजात रुतून बसले होते.

ओटा पुसून होतो न होतो तोच बेल वाजली. संस्थेचे चिटणीस वैजनाथ दारात उभे होते, हातात पिशवी. तिच्यातून नारळाची शेंडी डोकावत होती.

“वहिनी, मोठं काम आणलंय!” ते खुर्चीत ऐसपैस बसले. “साहेबांचं आत्मचरित्र. दोनेकशे पानं. नाव अर्थात साहेबांचंच. तुम्हाला काय, घरबसल्या होऊन जाईल. मानधनाचं बघू नंतर, तूर्त हे शाल-श्रीफळ...”

“मी लिहिणं सोडलंय.”

“असं काय करता! साहेबांना अगदी त्या मानपत्रासारखी भाषा हवीय.”

अण्णांनी चष्मा वर केला. “तशी भाषा हवी तर हिच्याकडे कशाला आलात? माझं मानपत्र साहेबांनी स्वतः लिहिलं. आत्मचरित्रही लिहितील की!”

वैजनाथांनी घाईघाईनं रुमाल काढून कपाळ पुसलं आणि ते छताच्या पंख्याकडे बघू लागले. अण्णा थबकले. उभी हयात मुलांच्या कॉप्या पकडण्यात गेलेला माणूस तो, असला चेहरा त्यांना ओळखता येत नव्हता थोडाच? ते भिंत धरत उठले, चौकटीपाशी गेले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं.

“‘निकालाच्या दिवशी शाळेत पेढे वाटले जात, तेव्हा सर मात्र पित्ताचं निमित्त सांगून घरी उपाशी राहत... कारण आज कुणा नापास मुलाच्या घरीही ताट तसंच राहिलं असेल, हे त्यांना विसरता येत नसे.’”

त्यांचा आवाज फाटला. “हे... हे साहेबांना कसं कळलं? हे फक्त माझ्या बायकोला ठाऊक होतं!”



“आईंनी शेवटच्या दुखण्यात मला सांगितलं होतं, अण्णा,” नीरजा खालमानेनं म्हणाली. “लिहिताना ओघात आलं. खोडायला हवं होतं... नाही खोडवलं.”

तीन वर्षं! कौतुक इतकं गोड लागलं होतं की ते कुणी केलं हे विचारायचं अण्णांना सुचलंच नव्हतं. लिहिणारी चहा घेऊन समोर उभी असायची आणि ते तिलाच तिचं लेखन वाचून दाखवून वर पाट्या टाकणारी म्हणत होते... त्यांनी पिशवी उचलून वैजनाथांच्या मांडीवर ठेवली.

“उठा. वीजबिलाच्या खिडकीवर श्रीफळ घेत नाहीत, असं साहेबांना कळवा. आणि हे घरही यापुढे घेत नाही.”

“सर, गैरसमज होतोय...”

“होत होता. आजच मिटला. दार ओढून घ्या जाताना.”

जिन्यावरची पावलं विरली तरी अण्णा पाठमोरेच उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. नीरजा पुढे झाली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मनातली शिसारी अजून ओसरली नव्हती, आणि ती इतक्यात ओसरणारही नव्हती.

संध्याकाळी तिने ताट वाढलं. अण्णांनी ते हलकेच दूर सारलं.

“नको गं आज. पित्त उसळलंय जरा.”

नीरजाचा वाढता हात थांबला.

“अण्णा, आज कुठला निकाल?”

“लागला ना, दुपारी. घरातलाच एक जण नापास झालाय.” त्यांच्या सुरकुतलेल्या गालांवरून आसवं ओघळली. “पोरी... तुझ्या शब्दांवर मी तीन वर्षं छाती फुगवून हिंडलो गं!”

आता मात्र तिचा बांध फुटला. पदर असता तर तोंडात कोंबला असता. तिनं ओढणीच कोंबली. मग डोळे पुसून तिने ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं.

“सोमवारी मी जाणारच आहे, अण्णा.”

“जा. पण फुकट एक ओळ लिहू नकोस कुणासाठी. माझ्यासाठीसुद्धा नाही.”

“नाही लिहिणार.” तिने वरणभात कालवून पहिला घास त्यांच्या हातात दिला. “जेवा आता. नापास झालेल्यांना ऑक्टोबरला बसता येतं, तुम्हीच सांगायचात ना मुलांना?”

अण्णांनी घास तोंडात घातला.